पाठीवर पिशवी असलेला बेडूक: तुमचे प्रश्न

मागच्या वेळी इक्वेडोरच्या थंड अँडीज डोंगरातल्या, पाठीवरच्या पिशवीत अंडी वाढवणाऱ्या बेडकाबद्दल, म्हणजे गॅस्ट्रोथेका रिओबाम्बेबद्दल लिहिलं आणि प्रश्नांचा पाऊस पडला, त्यातले काही घेतो.

विषुववृत्तावरचा देश ना, मग बेडूक थंडीत कसा?

उंचीमुळे. रिओबाम्बा हे गाव, ज्यावरून याचं नाव पडलं, ते साधारण २७५० मीटरवर आहे. तिथे दिवसा ऊन आणि रात्री गारठा, वर्षभर जवळपास तसंच. जंगलच हवं असा त्याचा हट्ट नाही, मक्याच्या शेतात आणि बागांतही राहतो.

कांगारूसारखीच पिशवी का? आई दूध पाजते का?

दूधबिध काही नाही हो, पिल्लांचं खाणं म्हणजे अंड्यातलाच बलक. पिशवी फक्त मादीला, पाठीवर, तोंड मागच्या बाजूला. अंडी घालताना मादी मागचा भाग वर उचलते, अंडी पाठीवरून घसरत येतात आणि नर पायांनी ती आत ढकलतो, शंभराच्या वर अंडी असतात बरं का, आणि मादी जेमतेम सहा-सात सेंमीची! आत पिशवीच्या अस्तरात रक्तवाहिन्या असतात, आणि पिल्लांचे कल्ले घंटेसारखे पसरून अंगाभोवती गुंडाळलेले असतात, त्यातून श्वासाची देवाणघेवाण होते. मला विचाराल तर खरी कमाल पिशवी नाही, हे कल्ले आहेत.

मग बाहेर छोटे बेडूकच येतात?

या जातीत नाही, शेपटीवाले टॅडपोल, म्हणजे पुढे पाण्यात वाढून बेडूक होणारी पिल्लं, येतात. काही महिन्यांनी मादी डबक्यात बसते आणि मागच्या पायाचं लांब बोट पिशवीत घालून त्यांना बाहेर काढते. याच्या काही भाऊबंदांमध्ये मात्र पूर्ण बेडूकच बाहेर पडतात, त्यांना डबकं लागतच नाही. यातलाच गॅस्ट्रोथेका गुंथेरी तर जगातला एकमेव बेडूक ज्याच्या खालच्या जबड्याला खरे दात आहेत.

एवढी काळजी घेते, मग धोका कसला?

पिशवी अंड्यांना वाचवते, मोठ्या बेडकाला नाही. कायट्रिड नावाची बुरशी कातडीवर वाढते, आणि बेडूक कातडीतूनच पाणी-क्षार सांभाळतो, ते बिघडलं की हृदय बंद पडतं. त्यात डबकी बुजवली, पाण्यात रसायनं गेली तर टॅडपोल सोडायचे कुठे?

घरी पाळता येईल का?

नका पाळू. जंगलातून पकडून आणलेल्या प्राण्यांबरोबर ही बुरशीसुद्धा फिरते.