माया लोक संपले म्हणतात, मग हे माम कोण?

प्रश्न : शाळेत शिकलो की माया संस्कृती हजारेक वर्षांपूर्वी नष्ट झाली. परवा ‘माम’ नावाच्या माया लोकांबद्दल वाचलं. हे त्यांचेच वंशज का? त्यांची भाषा अजून आहे?

उत्तर : नष्ट झाली ती टिकालसारखी जंगलातली शहरं हो, माणसं कुठे संपली? माम लोक आजही ग्वाटेमालाच्या पश्चिम डोंगराळ भागात, म्हणजे वेवेतेनांगो, सान मार्कोस, केत्साल्तेनांगो या भागांत राहतात, थोडे पलीकडे मेक्सिकोच्या चियापासमध्येपण आहेत. भाषा बोलणारे पाच लाखांच्या वर आहेत. बऱ्याच माया भाषांत ‘माम’ म्हणजे आजोबा. मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, माममध्ये ते वाक्याच्या सुरुवातीलाच, कोणी केलं ते नंतर!

त्यांची राजधानी साकुलेउ. १५२५ मध्ये स्पॅनिश फौजेने तिला वेढा घातला, आतली माणसं उपाशीपोटी लढली आणि शेवटी राजा काईबिल बालामला शरण यावं लागलं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. ग्वाटेमालाच्या सैन्याने आपल्या कमांडो तुकडीला याच राजाचं नाव दिलं, काईबिलेस, आणि १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात सैन्याने सगळ्यात जास्त मारले ते माया लोकच, त्यात माम गावंही होती. राजाचं नाव घ्यायचं आणि त्याच्याच लोकांची गावं जाळायची, हे मला अजून पचत नाही.

तरी सगळं टिकलंय. तोदोस सान्तोस कुचुमातान या गावात पुरुषसुद्धा रोज पांढऱ्या पट्ट्यांची लाल पँट आणि रंगीत नक्षीची रुंद कॉलर असलेला शर्ट घालतात, आणि ती कॉलर बायका कंबरेला बांधायच्या मागावर विणतात. १ नोव्हेंबरला तिथे घोड्यांची मोठी दौड असते.

आणि हो, भाषा फक्त डोंगरातच राहिलेली नाही, कॅलिफोर्नियात ओकलंडला माम लोकांची मोठी वस्ती आहे. बाहेरच्यांना वाटतं ग्वाटेमालाचा माणूस म्हणजे स्पॅनिश येणारच, पण यातल्या बऱ्याच जणांना ती नीट येत नाही, त्यामुळे कोर्टात, दवाखान्यात स्पॅनिशचा दुभाषी देऊन भागत नाही, मामचाच लागतो.