धूमकेतू तिचा आहे, ताई

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचून बरं वाटलं, कारण मुलगी सायन्स फिक्शन लिहायचं म्हणतेय आणि घरून कुणी आडवं येत नाहीये, असे मेल मला क्वचितच येतात. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मधल्या एका ओळीवर अडकले. तुम्ही लिहिलंय की तिला न सांगता तिच्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं तुम्ही तिच्या नावाने एका गेम कंपनीला पाठवली, चार महिने झाले उत्तर नाही, आणि आता विचारताय की "रिजेक्ट झालं असं तिला सांगू का, म्हणजे ती नीट मनावर घेईल".

नका सांगू. रिजेक्ट व्हायला आधी कुणीतरी वाचावं लागतं, आणि ते बहुतेक कुणी उघडलंसुद्धा नसेल. न मागता आलेल्या गोष्टी गेम कंपन्या सहसा वाचतच नाहीत, उद्या त्यांच्या गेममध्ये तसंच काही आलं तर कुणी "माझी कल्पना चोरली" म्हणून कोर्टात जाऊ नये म्हणून. उलट बऱ्याच कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं की तुम्ही आपणहून पाठवलेलं काहीही आम्ही वापरू शकतो, आम्ही तुमचं काही देणं लागत नाही. तुम्ही ज्या पानावरून फाइल अपलोड केलीत त्या पानाच्या अटी आजच काढून बघा आणि हे तिला तुम्हीच सांगा, तिला बाहेरून कळायच्या आत. ओरडेल, रडेल, आणि तो तिचा हक्क आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही तिला म्हणालात की लेखकच व्हायचं तर निदान गेमच्या कादंबऱ्या लिही, मोठ्या कंपन्या असतात, महिन्याचा पगार येईल. त्यासाठी रोजचे एक हजार शब्द आणि त्याचा एक्सेलमध्ये हिशोब. आणि धूमकेतूवर राहणाऱ्या माणसांची तिची जी गोष्ट आहे, दर फेरीला सूर्याजवळ गेलं की पायाखालची जमीन थोडी उडून जाते ती, त्यात धूमकेतूच्या जागी त्या गेममधला ग्रह टाक, नावं बदल, काय फरक पडतो. अहो ताई, सगळाच फरक पडतो! तो ग्रह टाकला की ती गोष्ट तिला दुसरीकडे कुठेच विकता येणार नाही, कारण ग्रह दुसऱ्याच्या मालकीचा. आणि मला विचाराल तर तो वितळणारा धूमकेतूच तिच्या डोक्यातली सगळ्यात भारी गोष्ट आहे, तुमच्या चार ओळींतूनसुद्धा ते कळलं.

आणि तो पगार. तो नसतो. गेमवरच्या कादंबऱ्या बहुतेक अशा निघतात की प्रकाशक गेम कंपनीकडून लायसन्स घेतो आणि मग त्याचा एडिटर लेखक शोधतो, कुठला तर ज्याची स्वतःची पुस्तकं आधीच बाजारात आहेत आणि जो तारखेला पान हातात देतो. करार एका पुस्तकाचा, बहुतेक वेळा वर्क फॉर हायर, म्हणजे लिहायचं तुम्ही आणि कॉपीराइट कंपनीचा, पैसे मुख्यतः ठरलेली रक्कम, रॉयल्टी असलीच तर थोडी. आधी आउटलाइन मंजूर करून घ्यायची, मग ड्राफ्ट, मग बदल, आणि हिरोला मारायचं असेल तर विसराच. हेलो गेमवरची पहिली कादंबरी, द फॉल ऑफ रीच, २००१ मध्ये आली, तीसुद्धा गेमच्या थोडी आधी, आणि एरिक नायलंडने ती साधारण सात आठवड्यांत लिहिली. वाचायला थरारक वाटतं, पण त्याआधी त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्या छापून आलेल्या होत्या आणि केमिकल फिजिक्समध्ये मास्टर्स झालेलं होतं. त्याच गेमवर नंतर तीन पुस्तकं लिहिणारा ग्रेग बेअर तर ह्यूगो आणि नेब्युला हे सायन्स फिक्शनचे मोठे पुरस्कार मिळवून कधीच मोठा झाला होता. गेमवरच्या कादंबऱ्या लिहिणारी कॅरन ट्रॅव्हिस आधी पत्रकार होती, डिफेन्स कव्हर करायची, तिची स्वतःची पहिली कादंबरी आणि गेमशी जोडलेली पहिली कादंबरी दोन्ही २००४ च्या. म्हणजे तुम्ही जी पहिली पायरी समजताय ती बहुतेकांच्या बाबतीत तिसरी-चौथी असते.

पगार असतो तो स्टुडिओत बसून गेमच लिहिणाऱ्याला. ड्रू कार्पिशिन मास इफेक्ट या गेमचा लीड रायटर होता म्हणून २००७ ची त्यावरची कादंबरीही त्याच्याकडे आली. पण ते काम वेगळंच. सैनिकावर बॉम्ब पडला की तो काय ओरडतो याची चाळीस वाक्यं लिहा, त्यातली तीस उडणार. आणि त्या धंद्यात माणसं काढतातही भरपूर, २०२३-२४ मध्ये तर ओळीने काढली.

हे काम हलकं आहे असं मी म्हणत नाहीये हां, भाड्याच्या घरातही माणूस सुंदर संसार करतो. फक्त भिंत कधी पाडायची ते मालक ठरवतो. नायलंडने पुस्तकात रीच ग्रहाचा शेवट लिहिला, नऊ वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने त्याच ग्रहाच्या पाडावावर गेम काढला आणि बऱ्याच गोष्टी, तारखासुद्धा, वेगळ्या सांगितल्या. वाचक वैतागले, पण ग्रह कंपनीचा.

उलटा रस्ताही आहे, तो तुमच्या मुलीला आवडेल. दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाने मेट्रो २०३३ ही कादंबरी आधी स्वतःच्या वेबसाइटवर टाकली, २००२ मध्ये, पुस्तक २००५ ला, आणि २०१० मध्ये त्यावर गेम आला. म्हणजे गेमवाले त्याच्याकडे आले. अर्थात तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. विचरच्या गोष्टी लिहिणाऱ्या पोलिश लेखक सापकोव्स्कीने त्यावरच्या गेमचे हक्क देताना टक्केवारी नको, एकरकमी द्या म्हटलं, कारण गेम चालेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मग २०१८ मध्ये सहा कोटी झ्लॉटी (पोलंडचं चलन) मागत बसला, शेवटी २०१९ मध्ये नवा करार झाला. म्हणून तिला काही शिकवायचंच असेल तर करार वाचायला शिकवा, एक हजार शब्दांपेक्षा ते जास्त कामाचं आहे.

मार्कांचं म्हणाल तर बारावीचे ८१ टक्के छान आहेत, फिजिक्स आवडतंय तर त्यातच डिग्री करू दे, एन्ट्रन्स द्यायची असेल तर देऊ दे, लेखकाला वेगळी डिग्री लागत नाही आणि पोट भरायला काहीतरी हातात असलेलं बरं. लिहायच्या बाबतीत, धूमकेतूची कादंबरी शेवटपर्यंत पुरी करणं, मग छोट्या कथा मासिकांकडे तिने स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून पाठवणं, बास. नकार येतील, ते तिच्या इनबॉक्समध्ये येऊ देत.

आणि ती एक्सेल शीट डिलीट करा. तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यापासून ती लिहिताना दार लावून बसते आणि विचारलं तर शब्द खोटे सांगते, त्यावर तुम्हाला तिच्या शिस्तीची काळजी वाटते. मला नाही वाटत. दार लावून का होईना, लिहितेय ना अजून? पुढचा मेल तिला करावासा वाटला तर तिला करू दे, तुम्ही सीसीमध्ये नसलात तरी चालेल.