१९७२ ची, फक्त १९ हजार मैल चाललेली एमजीबी रोडस्टर घ्यावी का?

तुमचा प्रश्न वाचला. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ एका निवृत्त गृहस्थांकडे १९७२ ची एमजीबी, म्हणजे दोन सीटची, उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी आहे, मीटरवर १९ हजार मैल, गाडी कायम गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. ‘अशी पुन्हा मिळणार नाही’ म्हणून ते नेहमीपेक्षा बरीच जास्त किंमत मागतायत. तुम्हाला ती शनिवार-रविवारी फिरवायची आहे आणि या वाहनांची काही माहिती नाही.

माझ्याकडे अकरा वर्षांपासून १९७१ ची एमजीबी आहे. लहानपण कोल्हापुरात मामांच्या गॅरेजमध्ये गेल्यामुळे पान्याची ओळख आधीपासून होती. त्यामुळे मनापासून सांगतो: गाडी बघायला जरूर जा, पण त्या १९ हजारांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पन्नासहून अधिक वर्षांत १९ हजार मैल म्हणजे वर्षाला चारशेही नाहीत. प्रत्यक्षात गाडी अशी दर वर्षी थोडीथोडी चालत नाही. पहिली पाच-सहा वर्षं ती रोज वापरात असते, मग घरात मूल येतं, दोन सीटची गाडी गैरसोयीची होते आणि ती कोपऱ्यात जाते. म्हणून ‘किती चालली’ याच्या आधी ‘शेवटची नियमित कधी चालली’ हे विचारा.

माझी गाडी घेतली तेव्हा मीटरवर २४ हजार होते आणि आकडा खरा होता. पण ती सोळा वर्षं एका शेतावरच्या कोठारात उभी होती. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज धरलेला. ब्रेक कॅलिपरचे पिस्टन जाम. क्लच प्लेट फ्लायव्हीलला अशी चिकटलेली की पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडेना. रबरी नळ्या बोटांनी दाबल्या की तडकायच्या. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं आणि पाइपांना आतून खातं, हे उभ्या गाडीत कुणाच्या लक्षातच येत नाही. इंजिन मात्र ठणठणीत होतं. मामा नेहमी म्हणायचे, चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला जास्त काम निघतं. ते मला इथे ब्रिटनमध्ये येऊन पटलं.

आता आकड्याबद्दल. या गाडीच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे १९ हजार हे १ लाख १९ हजारही असू शकतात. मालक खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. ते तिसरे-चौथे मालक असतील तर त्यांनाही माहीत नसेल. इथल्या वार्षिक तपासणीच्या, म्हणजे एमओटीच्या, जुन्या कागदी प्रमाणपत्रांवर दर वर्षीचे मैल लिहिलेले असतात. त्यांची सलग थप्पी असेल तर आकड्यावर विश्वास ठेवा. २००५ पासूनच्या नोंदी गाडीचा नंबर टाकून इंटरनेटवर बघता येतात. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही, त्यामुळे पुढच्या नोंदी नसल्या तर त्यात संशयास्पद काही नाही. कागद अजिबातच नसतील तर १९ हजार ही फक्त ऐकीव गोष्ट समजा.

गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून या गाडीचं हेरिटेज प्रमाणपत्र मागवता येतं. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या देशासाठी बनवली, हे त्यात कळतं. निम्म्याहून जास्त एमजीबी अमेरिकेला गेल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच परत आल्यात. कोरड्या प्रदेशातून आलेल्या गाड्यांचा पत्रा चांगला असतो, तेव्हा अमेरिकेहून आलेली निघाली तरी लगेच नाक मुरडू नका.

सगळ्यात जास्त वेळ पत्र्याला द्या. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. आणि रोडस्टरला छप्परही नसल्यामुळे सगळा भार दोन्ही दारांखालच्या पट्ट्यांवर येतो. इथे त्यांना सिल म्हणतात. सिल आतून तीन-चार थरांचा असतो आणि पाणी साचून तो आतूनच सडतो. अनेकदा वरून नवा पत्रा जोडून, पुट्टी लावून, छान रंग मारलेला असतो, आणि आत भुसा. जाणकार मिस्त्री सिल बदलतो तेव्हा पुढच्या-मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापून मगच आत हात घालतो, कारण सिल त्यांच्या मागेपर्यंत गेलेला असतो. तसं काम झालं असेल तर बिल आणि फोटो मागा.

एक साधी परीक्षा आहे. मालकांची परवानगी घ्या, दाराखालच्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू उचला आणि दार उघडून-लावून बघा. सहज लागलं तर सांगाडा भक्कम आहे. अडकलं, किंवा दाराची मागची फट बदललेली दिसली, तर नमस्कार करून परत या. ते काम काढलं तर गाडीच्या किमतीइतका खर्च सहज होतो. एक छोटं लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या. जिथे ते धरणार नाही तिथे पुट्टी आहे. सीटच्या मागचा गालिचा उचलून बॅटरीची जागाही बघा. त्या वर्षीच्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असत आणि त्यांचे खण हमखास सडतात.

इंजिनाची मला फारशी काळजी नाही. १७९८ सीसीचं, साधं, दणकट इंजिन आहे. फक्त एवढं विचारा की हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं, काम झालंय का. ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल २००० पासून बंद झालं. हेड मूळचंच असेल तर व्हॉल्व्हच्या बैठका मऊ असतात, आणि त्यांना झिजण्यापासून ते शिसंच वाचवायचं. मोटरवेवर सतत ताणून चालवलं की त्या झिजतात. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर, असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये चालतो का बघा. लांब जायचं असेल तर तो हवाच. पेट्रोल कमी इथेनॉलचं, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई५ भरा.

किमतीबद्दल माझं मत ठाम आहे. १९६२ ते १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. आजही तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा मिळतो, अख्खी बॉडीसुद्धा. ही दुर्मिळ गाडी नाही, म्हणूनच तर ती तुमच्यासारख्या नवख्याला योग्य आहे. कमी मैलांसाठी जादा पैसे मोजलेत तर तुम्ही चालवलेला प्रत्येक मैल ते पैसे कमी करत जाईल. मग रविवारी ऊन पडलं तरी किल्ली हातात घेताना मन कचरेल. असे दोघे मालक माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या गाड्या अजून झाकलेल्याच आहेत. तुम्हाला तर कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांमधल्या रस्त्यांवर छत उघडून फिरायचंय! त्यासाठी ७० हजार मैल चाललेली, दर वर्षी सर्व्हिस झालेली, भक्कम सिलची गाडी कितीतरी बरी.

ही गाडी पत्र्याने आणि कागदांनी चोख निघाली तर चांगल्या एमजीबीचा जो चालू भाव आहे तो द्या. सगळे टायर, ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलच्या नळ्या बदलण्याचा खर्च त्यातूनच वजा करा. टायरच्या बाजूवर तो कधी बनला याचा चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी नवीकोरी दिसली तरी तो कोड वाचाच.

आणि जाण्याआधी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. ते गार असलं पाहिजे, कारण थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला तुमच्या डोळ्यांनी बघायचंय.