साडेतीन लाखांचा हॉल आणि कमरेएवढं पाणी

प्रश्न: सांगलीत शामरावनगरला तळमजल्यावर आमचा वन बीएचके आहे, सासूबाईंच्या नावावर. आम्ही चौघं राहतो. हॉल दहा बाय चौदा. पाहुणे आले की प्लास्टिकच्या खुर्च्या ओढाव्या लागतात, मुलगी मैत्रिणींना घरी आणायला लाजते. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, पगार ३४,०००. मी हॉलमध्येच पंधरा मुलांची ट्यूशन घेते, त्याचे १२,००० येतात. घरखर्च २९,०००, एसआयपी ५,००० आणि मुलीच्या सुकन्या खात्यात २,०००. पतसंस्थेत २,४०,००० ची ठेव आहे, जानेवारीत मुदत संपते. दिवाळीला एका पगाराएवढा बोनस मिळतो. इंटिरियरवाल्यांनी ३,५०,००० चं एस्टिमेट दिलंय, ते सोबत पाठवतेय, दसऱ्याआधी टोकन दिलं तर दहा हजार कमी करतो म्हणतात. पर्सनल लोन काढू की ठेव मोडू? २०१९ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हापासून हॉल तसाच राहिलाय, सासूबाईंचा सागवानी दिवाणही गच्चीच्या जिन्याखाली पडून आहे.

उत्तर:

ताई, नमस्कार. मुलगी मैत्रिणींना घरी आणायला लाजते, या तुमच्या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. हॉल करायचा हे तुमचं बरोबर आहे, ती उधळपट्टी नाही. चौघं जिथं संध्याकाळ काढतात, ती जागा प्रसन्न असावी यासाठी पैसे खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त हे पैसे घराची किंमत वाढवतील असं मनात धरू नका. उद्या फ्लॅट विकायला काढला तर घेणारा जागा, मजला आणि पाणी किती येतं हे बघतो, टीव्हीमागचं पॅनेल बघत नाही. हा खर्च राहण्यासाठीचा आहे. म्हणून तो जमलेल्या पैशातून व्हावा.

आता कर्जाचं बघू. साडेतीन लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण ११,९६० रुपये बसतो. एकूण फेड होते जवळपास ४,३०,६००, म्हणजे नुसतं व्याज ऐंशी हजारांवर. तुमच्या हातात महिन्याला उरतात दहा हजार. पहिल्याच महिन्यात एसआयपीला हात लावावा लागेल. आणि ट्यूशनची सगळी कमाई हप्त्यात गेली असं धरलं, तरी मे महिन्यात मुलं येत नाहीत, हप्ता मात्र येतो.

पण व्याजापेक्षा मला एस्टिमेटच जास्त खटकतंय. ते मी ओळ न् ओळ वाचलं. फॉल्स सीलिंग आणि त्यातले दिवे ४५,०००, टीव्ही पॅनेल ९५,०००, एल आकाराचा सोफा ८५,०००, पार्टिशन ६०,०००, पडदे आणि वॉलपेपर ३५,०००, सेंटर टेबल, गालिचा आणि शोपीस ३०,०००. हॉल छान दिसेल यात शंका नाही, पण हा हॉल शामरावनगरच्या तळमजल्यावरचा नाही आणि ट्यूशनवाल्या बाईंचाही नाही.

ताई, तुमचा हॉल महिन्याला बारा हजार कमावतो. एल सोफा एकदा मांडला की मधली जमीन आक्रसते. तिथं पंधरा मुलं मांडी घालून बसतील का, हे सोफा घेण्याआधी जमिनीवर खडूनं त्याचा आकार काढून बघा आणि त्याच दिवशी मुलांना बसवा. पाच मुलं जरी कमी करावी लागली तरी महिन्याचे चार हजार गेले. म्हणजे सोफ्याचे पंच्याऐंशी हजार एकदाच जाणार नाहीत, ते दर महिन्याला जात राहतील.

दुसरी गोष्ट पाण्याची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगलीकरांना सांगायला नको. २०२१ ला पुन्हा आलंच. २०१९ चा पूर ओसरल्यावर मी एका ओळखीच्या कुटुंबाच्या घरी गेलो होतो, तेही तळमजल्यावरच. वर्षापूर्वी केलेलं टीव्ही युनिट भिंतीला स्क्रूनं जखडलेलं, त्यामुळे हलवताच आलं नव्हतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, खालून फुगला होता, लॅमिनेट पापुद्र्यासारखं सुटून बाहेर आलं होतं आणि बोट लावलं की भुसा गळत होता. त्याच खोलीत आजोबांच्या वेळचा सागवानी दिवाण होता. तोही चिखलानं माखलेला. त्यांनी पाइपनं धुतला, सावलीत आठ-दहा दिवस वाळवला, पॉलिश केलं. तो आजही वापरात आहे. युनिटचे हप्ते मात्र त्यानंतरही चालू होते.

म्हणून तुमच्या हॉलला एकच कसोटी लावा: दोन माणसांना उचलून वरच्या मजल्यावर नेता येईल किंवा पाण्यातून निघाल्यावर धुता येईल, अशाच वस्तू जमिनीवर. बाकी सगळं चार फुटांच्या वर.

सासूबाईंचा सागवानी दिवाण गच्चीच्या जिन्याखाली पडून असल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. ताई, त्या दिवाणापासूनच सुरुवात करा. पॉलिश, नवी गादी, इचलकरंजीच्या जाड सुती कापडाच्या खोळी आणि लोड, सगळं १४,००० पर्यंत होईल. समोर दोन हलक्या लाकडी खुर्च्या, १६,०००. एकात एक सरकणारी सागवानी स्टुलं ६,०००, पाहुणे आले की चहाचं टेबल आणि एरवी कोपऱ्यात. जमिनीवर गुंडाळून ठेवता येईल असं जाजम किंवा सतरंजी, ५,०००. मधली जागा मोकळी राहते, मुलं बसतात.

भिंतीवर चार फुटांच्या वर मरीन प्लायची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची, कपाटं आणि टीव्हीची फळी, २२,०००. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का आहे का ते स्वतः बघा आणि बिलावर लिहून घ्या. वरून सारखंच लॅमिनेट लावलं की साधा प्लाय आणि मरीन प्लाय ओळखू येत नाहीत. प्लगचे पॉइंटही त्याच उंचीवर घ्या, त्याला ८,००० धरलेत.

फॉल्स सीलिंग नकोच. साडेनऊ फुटांच्या छतातले सहा इंच गेले की छोटी खोली डोक्यावर येते. उबदारपणा उजेडातून येतो. ट्यूशनसाठी पांढरी ट्यूब राहू दे. संध्याकाळसाठी ३,००० केल्विनचे पिवळसर दिवे वेगळ्या बटणावर घ्या, एक दिवाणाच्या कोपऱ्यात, एक कपाटाखाली. ६,००० पुरतात. पडद्याची दांडी खिडकीला लागून न बसवता छताजवळ लावा, खोली उंच दिसते. पडदे ९,०००, रंग १२,०००.

सगळं मिळून ९८,०००. दिवाळीला बोनसमधून रंग, दिवे आणि पडदे करून घ्या, २७,००० लागतील. एवढ्यानंच हॉल ओळखू येणार नाही. बाकीचं जानेवारीत.

ठेव मुदतीआधी मोडू नका, व्याज कापलं जाईल. पण जानेवारीत ती तिथंच पुन्हा ठेवूही नका. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांसकट, एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा संस्थेचं विमासंरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तुमची पतसंस्था चांगली चालत असेलही, मी तिच्याबद्दल काही म्हणत नाही. पण घरातली एकमेव गंगाजळी विनासंरक्षण असू नये. सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे १,७४,०००, तेवढे बँकेत एफडी करा आणि विसरून जा. उरलेले ६६,००० हॉलला. कमी पडणारे पाच हजार बोनसच्या शिलकीतून निघतात.

आणि जूनच्या आधी भारत गृह रक्षा पॉलिसी काढा. बहुतेक सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ती मिळते आणि तिच्यात पूर धरलेला आहे. इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, घरातल्या वस्तूंनाही संरक्षण आपोआप मिळतं. समजा फ्लॅटच्या बांधकामाची किंमत बारा लाख धरली, तर सामानाला २,४०,००० चं कवच झालं. पॉलिसी सासूबाईंच्या नावावर काढावी लागेल. दिवाणाचे, खुर्च्यांचे, प्लायचे बिल आणि फोटो मोबाइलवर ठेवा, मोबाइल पुरात गेला तरी सापडावेत म्हणून मुलीच्या मामांनाही पाठवून ठेवा.

इंटिरियरवाल्यांना टोकन देऊ नका, पण त्यांना नाहीही म्हणू नका. कपाटं, प्लगचे पॉइंट आणि दिवाणाचं पॉलिश एवढ्याचंच एस्टिमेट त्यांच्याकडून नव्यानं मागा, प्लायचा दर्जा लेखी. आधी मात्र जिन्याखालचा दिवाण बाहेर काढून पायांना वाळवी लागली नाही ना ते टोचून बघा. लाकूड घट्ट असेल तर मला कळवा, नसेल तर चौदा हजारांचा आकडा आपण पुन्हा मांडू.