दोन खंडांमधले व्यापार करार वर्षानुवर्षं का रखडतात? त्यात खरंच एवढं राजकारण असतं का?

मी अर्थतज्ज्ञ नाही. निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि गोठ्यात सहा गाई, त्या धाकटा भाऊ बघतो. तुम्ही विचारलेलं राजकारण आमच्या घरातच चालतं, म्हणून लिहितोय.

युरोपात आमच्या द्राक्षांवर आयातशुल्क लागायचं. चिली, दक्षिण आफ्रिकेचे करार झालेले, त्यांना सवलत. त्यामुळे २००७ मध्ये युरोपीय संघाशी बोलणी सुरू झाली तेव्हा मी खूश होतो. २०१३ मध्ये ती थंडावली, २०२२ मध्ये पुन्हा उभी राहिली. त्यांना इथे गाड्या आणि वाइन विकायची होती. वाइनवर तेव्हा आपलं शुल्क दीडशे टक्के होतं. ते कमी करा म्हटलं की नाशिकचेच वाइनरीवाले अस्वस्थ, आणि त्यांना माल घालणारे आमचेच भाऊबंद!

२०१९ मध्ये उलटं झालं. आशियाई देशांच्या 'आरसेप' करारात न्यूझीलंड होतं. तिकडची दूध पावडर आली तर आपल्या दुधाला कोण विचारणार, म्हणून भाऊ तहसीलला निवेदन द्यायला गेला. ४ नोव्हेंबरला बँकॉकमध्ये भारतानं अंग काढून घेतलं. अवकाळीनं माझी बाग झोडपलेली, आणि हा पेढे घेऊन दारात. मी म्हणालो, "तुझ्या गाई वाचल्या, माझा कंटेनर कधी सुटायचा?" आई म्हणाली, "आधी जेवा दोघं."

किलोमागे चार रुपये जास्त मिळतील म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. ज्याचं जाणार असतं तो मात्र त्याच दिवशी ट्रॅक्टर बाहेर काढतो. फ्रान्सचे गोमांस उत्पादक हेच करतात. ब्राझील-अर्जेंटिनाच्या मर्कोसूर गटाशी युरोपची बोलणी १९९९ ची. २०१९ मध्ये जमलं म्हणाले, डिसेंबर २०२४ मध्ये परत जमलं म्हणाले. सायप्रसची गंमत तर बघा: हलूमी नावाच्या चीजला पुरेसं संरक्षण नाही म्हणून २०२० मध्ये तिथल्या संसदेनं कॅनडाबरोबरचा अख्खा करार फेटाळला.

आणि शुल्क गेलं तरी वाट मोकळी होते असं नाही. २०१० मध्ये आमच्याकडचे कंटेनर युरोपात अडकले ते द्राक्षांत उरलेल्या लिहोसिन या औषधाच्या अंशामुळे. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, वेलीची वाढ रोखायला ते आम्ही सर्रास मारायचो, आणि इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. मर्यादा किती ठेवायची हे ठरवतात त्यांचे लोक, आणि त्यांना मत द्यायला आम्ही काही तिकडचे मतदार नाही. आता पॅकिंगच्या आधी बागेतून सॅम्पल लॅबला जातं, रिपोर्ट येईपर्यंत कात्री लावायची नाही. पण २०१० च्या मालाची पट्टी, म्हणजे हिशोबाचे पैसे, निर्यातदाराकडून मला आजवर मिळालेली नाही.