वाचकांचे प्रश्न : परासरण

प्रश्न : सलाइनमध्ये मीठ 0.9 टक्के, तर ग्लुकोजच्या बाटलीत ग्लुकोज 5 टक्के. तरी दोन्ही द्रावणांचा परासरणी दाब जवळपास सारखा कसा?

उत्तर : पातळ पटलातून पाणी जास्त कणांच्या द्रावणाकडे जाते, ते परासरण; ते थोपवायला लागणारा दाब म्हणजे परासरणी दाब. हा दाब वजनावर ठरत नाही, कणांच्या संख्येवर ठरतो. लिटरभर सलाइनमध्ये 9 ग्रॅम मीठ असते, 58.5 ने (मिठाच्या एका मोलच्या, म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येच्या, ग्रॅममधील वजनाने) भागले की 0.154 मोल. पाण्यात त्याचे सोडियम आणि क्लोराइड आयन सुटे होतात, म्हणून दुप्पट, 0.308. ग्लुकोजचा रेणू फुटत नाही : 50 भागिले 180, म्हणजे 0.278. व्हान्ट हॉफचे सूत्र सांगते, दाब = कणांची संहती (लिटरमागे मोल) × 0.0821 (वायू स्थिरांक) × केल्व्हिन तापमान. 37 अंश सेल्सिअसला (310 केल्व्हिन) सलाइनचा दाब 7.8 अ‍ॅटमॉस्फिअर येतो, ग्लुकोजचा 7.1. गणित चुकते ते बहुधा मिठाला दोनने गुणायचे राहते तेव्हा, किंवा तापमान सेल्सिअसमध्येच घातले जाते तेव्हा.

प्रश्न : युरियाचे 1.8 टक्के द्रावणही 0.3 मोलर (लिटरमागे 0.3 मोल) भरते. मग त्यात तांबड्या रक्तपेशी फुटतात कशा?

उत्तर : फार नेमका प्रश्न. आकडेमोड बरोबरच आहे, पण सूत्रात गृहीत धरलेले असते की पटल विद्राव्याला (विरघळलेल्या पदार्थाला) अडवते. तांबड्या पेशीचे पटल युरियाला अडवत नाही. युरिया भराभर आत शिरतो. आतले पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन मात्र बाहेर पडत नाहीत. आतले एकूण कण वाढतात, त्यांच्यामागे पाणी येते आणि पेशी फुगून फुटते. परीक्षानळीमागे छापील कागद धरा : आधी गढूळ द्रावणातून अक्षरे दिसत नाहीत, पेशी फुटल्या की लाल पण पारदर्शक द्रावणातून ती वाचता येतात. तोच युरिया 0.9 टक्के सलाइनमध्ये घातला, तर पेशी क्षणभर आक्रसतात आणि पूर्ववत होतात, कारण बाहेरचे मीठ पाण्याला धरून ठेवते. म्हणून ‘समपरासारी’ (ज्यात पेशी ना फुगते ना आक्रसते असे) हा शब्द द्रावणापुरता वापरू नये. कोणत्या पेशीसाठी, हे सांगावेच लागते.

प्रश्न : बटाट्याचे काप साखरेच्या द्रावणांत ठेवून वजनातला बदल मोजण्याच्या प्रयोगात वजने विचित्र येतात.

उत्तर : काप टिपकागदाने प्रत्येक वेळी सारखेच टिपा, चिकटलेला थेंबही वजन बिघडवतो. साल पूर्ण काढा, भांडी झाका आणि ग्रॅमऐवजी वजनातील टक्केवारी बदल मांडा. साखरेची द्रावणे 0 ते 1 मोलर, 0.2 च्या अंतराने घ्या. आलेख शून्याची रेषा जिथे छेदतो, त्या संहतीला बटाट्यात पाणी ना शिरते ना बाहेर पडते.