गाठ काढणार असतील तर ती कोणत्या बाटलीत टाकतात ते बघा

ताई, तीन आठवडे डोकं दुखतंय, उठताना गरगरतं आणि मानेत उजवीकडे दोन गाठी हाताला लागतात, हे वाचलं आणि माझं २०१९ साल आठवलं. मी डॉक्टर नाही, सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम करतो. अंगावर निभावलं तेवढंच सांगतो, निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या.

एप्रिल-मे होता, म्हणून डोकेदुखी आणि चक्कर मी उन्हावर ढकलली. आजी गंडमाळ म्हणून लेप लावायची. गाठ दुखत नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो. तसं राहू नका. दात, घसा किंवा डोक्यातल्या फोडामुळे आलेली गाठ बहुतेकदा दुखते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते. न दुखता वाढत जाणारी गाठ दाखवायलाच हवी.

खरं नुकसान पुढे झालं. गाठ काढली आणि भावाच्या हातात डबी दिली. अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये (गाठ कुजू नये म्हणून वापरतात ते रसायन), झाकण उघडलं की डोळे चुरचुरायचे. रिपोर्टमध्ये टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या महिन्यात शेजारची गाठ लिंबाएवढी झाली. औषध लागू पडत नाही की काय, ते बघायला कल्चर (गाठीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) हवं, आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. त्या दवाखान्यात विचारलं तर "आम्ही असंच पाठवतो" एवढंच उत्तर. परत चिरफाड, परत टाके, परत रोजगार बुडाला. शेवटी कळलं की औषध बरोबर होतं. उपचार चालू असताना गाठ अशी फुगू शकते.

म्हणून आधीच सांगा: एक तुकडा साध्या सलाईनमध्ये, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी) आणि कल्चरसाठी. लाजू नका.

चक्कर मात्र गाठीची नव्हती, हिमोग्लोबिन ८ निघालं. तुमचंही सगळं एकाच आजाराचं असेल असं नाही. व्हायरल ताप, कान, बीपी, काहीही असू शकतं. पण ताप, उलट्या, मान ताठणं, झापड किंवा एकाचे दोन दिसणं असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच सिव्हिल गाठा. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. आणि मेडिकलवाल्याकडून लेव्होफ्लॉक्सासिन (एक अँटिबायोटिक) किंवा स्टेरॉइड घेऊ नका, त्याने टीबी झाकला जातो. यावर मी कुणाचंही ऐकणार नाही.

टीबीच निघाला तर सरकारी गोळ्या फुकट मिळतात, आहारासाठी महिना १००० रुपयेही खात्यात येतात. खातं आधारला जोडून ठेवा. गोळ्यांनी लघवी केशरी होते. मी घाबरून दोन दिवस गोळ्या बंद केल्या होत्या, तुम्ही करू नका.